दोनच वेढे

गोपाळरावांनी पत्र्याचा डबा खाटेवर उपडा केला, तेव्हा कौसल्याला आधी वाटलं की सगळ्याच परत आल्या. मग तिनं नीट पाहिलं. परत आलेल्या पिसांच्या माशा फक्त तिच्या होत्या. तिच्या धाकट्या जावेनं, तारानं बांधलेली एकही त्यात नव्हती.

“ताराबाईंचा माल पास झाला,” गोपाळराव म्हणाले. “कलकत्त्याचा व्यापारी म्हणतो, असाच अजून पाठवा. आणि तुमचा...” त्यांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. “तुमचं काम फार सुबक आहे कौसल्याबाई. तेच त्याला नको आहे.”

कौसल्यानं एक माशी उचलून दाराच्या उजेडात धरली. दोरा इतक्या सफाईनं संपला होता की गाठ कुठे मारली, ते तिलाही शोधावं लागलं असतं. पीस चारी बाजूंनी सारखं उमललं होतं. शेपटी सरळ, पंख सरळ. हे परत आलं आणि ताराचं पास झालं, हे काही केल्या तिच्या डोक्यात शिरेना.

तारा चुलीपाशी बसून हसू दाबत होती. हसू जावेची फजिती झाली म्हणून नव्हतं. आपला माल पास झाला, याचंच तिला नवल वाटलं होतं. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिचं असं पहिल्यांदाच काही पास झालं होतं.

हे घर नागपुरातल्या पाचपावलीतलं. कौसल्याचा नवरा कवडू पूर्वी हातमागावर लुगडी विणायचा. मागाचं काम बसलं, तसा तो मिलमध्ये लागला आणि माग माडीवर पडून राहिला. त्याचा धाकटा भाऊ, ताराचा नवरा ओमप्रकाश, सायकलच्या दुकानात होता. घरात दोन जावा आणि सासू बायजाबाई. कौसल्या माहेरूनच मागावरची. जरीचा काठ भरताना तिच्या हातून तार तुटली तरी जोड दिसायचा नाही, अशी तिची ख्याती होती.

गोपाळराव धरमपेठेत राहायचे. मिलिटरीच्या हिशेबखात्यातून रिटायर झालेले. नोकरीची बरीच वर्षं त्यांनी काश्मिरात काढली होती, आणि तिथे एका कर्नलच्या संगतीनं त्यांना ट्राउट पकडायचा नाद लागला. हा मासा बर्फाच्या वितळत्या, वाहत्या पाण्यातला. नागपुरात परतल्यावर तो कुठून मिळणार? इथे वैशाखात अंबाझरी तलावाचं पाणीही हाताला कोमट लागतं. मग त्यांनी दुसरी वाट काढली. ट्राउटला धरायला किड्यासारखे दिसणारे पिसांचे गळ लागतात. त्यांना माशाच म्हणतात. कलकत्त्याचा एक व्यापारी तो माल विलायतेला पाठवायचा. इथे बसून आपल्याला ट्राउट मिळत नाही, तर निदान ट्राउटसाठी काही करू, म्हणून गोपाळराव बारीक दोऱ्याचं काम करणारे हात शोधत फिरले आणि कवडूच्या ओळखीनं या घरी आले.

पहिल्या दिवशी त्यांनी कापसात गुंडाळलेली आपली एक जुनी माशी दाखवली होती, तेव्हा तारानं विचारलं होतं, “माशी म्हंजे माशाची बायको का काकाजी?”

“ही ओली माशी,” गोपाळराव म्हणाले होते. “पाण्याच्या खाली बुडून चालते. नदीच्या तळाशी किडे असतात, ते वर यायला लागतात, नाहीतर वरचे मरून खाली जातात. ट्राउट त्यांना मधेच गाठतो. ही त्या किड्याची नक्कल.”

काम दिसायला सोपं होतं. टेबलाच्या काठाला लावलेल्या पकडीत इवलासा गळ धरायचा. त्याच्या दांड्यावर मेण लावलेलं रेशीम गुंडाळायचं, वरून चांदीची बारीक जर फिरवायची, आणि मानेशी कोंबडीच्या मानेचं मऊ पीस गुंडाळायचं. त्या पिसाचे केस किड्याच्या पायांसारखे बाहेर राहतात. शेवटी डोक्यावर गाठ मारून वार्निशचा थेंब. एका जातीच्या माशीला कावळ्याच्या पिसाचा काळा पंख लागायचा. तिच्या विलायती नावाचा अर्थ होता ‘कसाई’. कावळ्याची पिसं घरात आणण्यावरून बायजाबाईंनी चार दिवस अबोला धरला होता. मग ती पिसं सांदीत ठेवायची आणि काम झालं की हात धुऊनच चुलीकडे जायचं, असं ठरलं.

आणि आता ही सगळी मेहनत खाटेवर पडली होती.

“काय चुकलं, तेवढं सांगा,” कौसल्या म्हणाली. “मी उसवून पुन्हा करते.”

“पीस जास्त झालं. दोनच वेढे पाहिजेत.”

“दोन वेढ्यांत अंग उघडं दिसते काकाजी. टक्कल पडल्यासारखं.”

“तसंच पाहिजे.”

“काहून?”

गोपाळरावांनी समजावायचा प्रयत्न केला, पण पाण्यातली गोष्ट खाटेवर बसून सांगायची म्हणजे कठीणच. ते म्हणाले, झिरझिरीत पाहिजे. ते म्हणाले, जीव दिसला पाहिजे. कौसल्याला झिरझिरीत लुगडं माहीत होतं, पण त्याचाही प्रत्येक धागा जागेवर असतो. झिरझिरीत म्हणजे अर्धवट, हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकल्यावर ती पकडीपाशी बसली. एक वेढा दिला, दुसरा दिला आणि थांबली. पिसाचे केस विरळ, एक इकडे, एक तिकडे. मधे रिकामी जागा. ती रिकामी जागा तिच्याकडे बघत राहिली. तिनं तिसरा वेढा दिला. आता एका बाजूला भरलं आणि दुसरी बाजू उणी दिसू लागली, म्हणून चौथा. मग तिनं ती पूर्ण माशी ब्लेडनं कापून टाकली आणि नव्यानं सुरू केली. संध्याकाळपर्यंत तिच्यापुढे कापलेल्या रेशमाचा आणि पिसांचा ढीग पडला होता, आणि एकही माशी धड झाली नव्हती.

तारा ट्रान्झिस्टर लावून शेजारी बसली होती. गाणं संपलं की एक माशी संपायची. बोलता बोलता, मधे उठून आपल्या पोरीला पाणी देऊन, पुन्हा बसून. कौसल्यानं तिची एक माशी हातात घेतली. जर वाकडी फिरली होती. पीस एका बाजूला कलंडलं होतं. तिनं सुईच्या टोकानं हळूच उकलून पाहिलं, काही युक्ती सापडते का. काहीच नव्हतं.

“तू कशी करतं वं?” शेवटी तिनं विचारलं. हे विचारणं तिला फार जड गेलं.

“मी काही करतच नाही जाऊबाई,” तारा म्हणाली. “दोन वेढे देते न सोडून देते.”

“सोडून देते म्हंजे?”

“म्हंजे हात काढून घेते.”

कौसल्यानं हात काढून घ्यायचा प्रयत्न केला. हात पुन्हा तिथेच गेला.

दुसरी खेपही परत आली. या वेळी गोपाळरावांनी डबा उपडा केला नाही. झाकण न उघडताच तो तिच्या हातात दिला. ते तिला जास्त लागलं. त्या रात्री कवडू म्हणाला, “जाऊ दे ना. तारा करते, तू घरचं पाय.” कौसल्यानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो कूस बदलून झोपला.

“काकाजी,” पुढच्या वेळी ती गोपाळरावांना म्हणाली, “मले पाण्यात दाखवा. तुमी रोज म्हनता पाण्यात, पाण्यात. मले पाह्यचं आहे.”

गोपाळरावांचा चेहरा उजळला. त्यांना कितीतरी वर्षांत असं कुणी विचारलं नव्हतं.

दिवाळी होऊन गेली होती. एका रविवारी सगळे बसनं कन्हान नदीवर गेले. सुना परक्या माणसाबरोबर नदीवर जाणार म्हणून बायजाबाईही आल्या, आणि बायजाबाई आल्या म्हणून शिदोरीही आली. कवडू पिशव्या धरून मागे. पुराचं गढूळ पाणी ओसरलं होतं. एका जागी नदी खडकांमधून उथळ होऊन खळखळत जात होती. तळाचे गोटे दिसत होते. गोपाळरावांनी तीच जागा निवडली. बांबूच्या चिपांची, तीन तुकडे जोडून होणारी त्यांची लांब छडी त्यांनी जोडली, तेव्हा नवऱ्यामुलाच्या डोक्यावर मुंडावळ्या बांधाव्यात तशी त्यांची बोटं हळुवार झाली होती.

“आता असं समजा की हे काश्मीर आहे,” ते म्हणाले.

बायजाबाईंनी पदरानं घाम पुसला. “समजली,” त्या म्हणाल्या.

“ट्राउट पाण्याच्या धारेकडे तोंड करून उभा असतो. एका जागी. अंगावर लाल ठिपके, पण वरून बघाल तर गोट्यासारखाच. तो धावपळ करत नाही. धार त्याच्या तोंडाशी काय आणते, ते पाहतो. आपण दोरी धारेला आडवी टाकायची आणि सोडून द्यायची. नदी ती खाली नेते, मग दोरी ताणते, आणि माशी अशी वळून वर उठते. उठणाऱ्या किड्यासारखी. तिथे तो घेतो. तुम्हाला दिसत नाही. नुसता बोटांना झटका लागतो.”

त्यांनी आधी कौसल्याची माशी बांधली. छडी मागे नेऊन पुढे केली, दोरी हवेत उलगडली आणि माशी धारेत पडली. ती बुडाली नाही. भरगच्च पिसांवर ती तरंगत राहिली, झेंडूच्या पाकळीसारखी, आणि धारेबरोबर गोल फिरत फिरत खाली गेली. सगळ्यांना ती लांबूनही दिसत होती. गोपाळरावांनी दोरी ओढली तशी ती पाण्यावर रेघ काढत आली. दोरीला पीळ पडला होता.

मग त्यांनी ताराची बांधली. ती पाण्याला लागली आणि गेली. काठाजवळच्या संथ पाण्यात आणून त्यांनी कौसल्याला वाकून बघायला सांगितलं. कौसल्या गुडघ्यावर बसली. पाण्यात ती माशी वाकडी राहिली नव्हती. विरळ केस धारेबरोबर मागे मिटत होते, धार ढिली पडली की उघडत होते. मिटत होते, उघडत होते. मधल्या रिकाम्या जागेतून पाणी जात होतं. जर मधेच चमकायची. तो गळ आहे, हे कौसल्याला माहीत होतं. तिनं स्वतःच्या डोळ्यांसमोर तो बांधलेला पाहिला होता. तरी तिला वाटलं, आता हे पळून जाईल.

ती बराच वेळ उठली नाही.

“दिसलं?” गोपाळरावांनी विचारलं.

“दिसलं,” ती म्हणाली. तिच्या आवाजात समाधान नव्हतं. आजवर तिला निदान असं म्हणता येत होतं की विलायतेच्या लोकांना काही कळत नाही. आता तेही म्हणता येणार नव्हतं.

“मले ती छडी द्या,” ती म्हणाली.

पहिल्या फटक्याला दोरी मागच्या झुडपात अडकली. दुसऱ्याला कवडूच्या टोपीत. कवडूनं टोपी काढून मुकाट्यानं गळ सोडवला आणि लांब जाऊन बसला. तिसऱ्यांदा दोरी कशीबशी पाण्यात पडली. नदीनं ती नेली, ताणली, आणि कौसल्याच्या बोटांना काहीतरी लागलं. अगदी हलकं. पोरानं पदर ओढावा तसं. तिनं सगळ्या जोरानं छडी वर खेचली. चंदेरी असं काहीतरी बोटभर लांबीचं हवेत उडालं आणि परत पाण्यात पडलं.

“ओढायचं नाही,” गोपाळराव म्हणाले. “तो स्वतःच अडकतो. आपण नुसतं धरून राहायचं.”

“तेही नाही करायचं?” कौसल्या म्हणाली. “मंग करायचं तरी काय?”

त्यानंतर दुपार टळेपर्यंत तिला पुन्हा झटका लागला नाही. ताराला छडी दिली तर तिनं गप्पा मारता मारता दोन बारीक मासे काढले. बायजाबाई म्हणाल्या, एवढ्याशा माशांनी कालवण काय होणार, सोडा ते पाण्यात. परतीच्या बसमध्ये कौसल्या खिडकीशी बसली आणि पदराचा एक धागा बोटाभोवती गुंडाळत, सोडत राहिली.

आपल्याला समजलं की आपल्याला जमेल, असा तिचा आजवरचा अनुभव होता. या खेपेला समजूनही जमेना. तो मिटणारा, उघडणारा किडा डोळ्यांपुढे ठेवून ती बसायची, दोन वेढे द्यायची, आणि मग ते दोन वेढे तिला सरळ करावेसे वाटायचे. सरळ केले की ते मेलेले दिसायचे. मग ती मुद्दाम वाकडे करायची. मुद्दाम वाकडं केलेलं, सरळ केलेल्याहून वाईट दिसायचं. एकदा तिनं पकडच टेबलावरून काढून कोनाड्यात ठेवली. दुसऱ्या दिवशी स्वतःच परत लावली.

माघात ‘कसाई’ची मोठी मागणी आली. सगळी ताराच्या हातचीच हवी होती. तारानं ती जमेल तशी पुरी केली, माल डब्यात भरून फळीवर ठेवला आणि भावाच्या लग्नाला माहेरी, रामटेकला गेली. गोपाळराव येऊन डबा नेणार होते.

त्या दिवशी दुपारी कौसल्यानं डबा उघडला. फक्त बघायला. वरच्याच एका माशीची गाठ सुटायला आली होती. ती खरोखरच सुटत होती. अशी गेली असती तर पहिल्याच पाण्यात उलगडली असती. कौसल्यानं ती पकडीत लावली आणि गाठ पक्की केली. तिच्या शेजारचीचं शेपूट तिरपं होतं. ते सरळ केलं. तिच्या खालचीवर वार्निश नव्हतं. मग तिला काळा पंख दिसला. त्याचं एक पान लांब, एक आखूड. कात्री हाताशीच होती. कुठे पीस फारच तोकडं दिसलं, तिथे तिनं एक वेढा वाढवला. एकच. कित्येक आठवड्यांनी हात हवे तसे चालत होते. मिलचा भोंगा झाला तेव्हा डबा पूर्ण झाला होता, आणि तिला फार दिवसांनी बरं वाटत होतं. ताराची मदतच झाली, असं तिनं स्वतःला सांगितलं आणि ते तिला पटलंही.

गोपाळरावांनी दुसऱ्या दिवशी डबा नेला. त्यांनी उघडून पाहिलं नाही. ताराच्या मालाला पाहावं लागत नसे.

होळीच्या आधी ते आले, तेव्हा डबा त्यांच्या हातात होता. चेहरा उतरलेला. तारा अंगणात भांडी घासत होती.

“ताराबाई, हे काय झालं?” त्यांनी डबा तिच्यापुढे धरला. “सगळा माल परत आला. व्यापारी म्हणतो, हात बदलला. तुम्ही कुणाला करायला दिलं होतं का?”

तारानं राखेचे हात पदराला पुसले आणि एक माशी उचलली. ती उलटसुलट करून पाहत राहिली. “मी तर नेहमीसारख्याच केल्या होत्या काकाजी,” ती म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. “माझ्याकडूनच काही झालं असन. माझं कवा नीट होते?”

कौसल्या दारात उभी होती. “तिनं नाही केलं,” ती म्हणाली. “मी केलं. त्या मी नीट करून ठेवल्या.”

गोपाळरावांनी डब्याकडे पाहिलं. मग ताराच्या चेहऱ्याकडे.

तारा उठून उभी राहिली. ती भांडणारी बाई नव्हती. घरात कुणी तिच्या कामाला नाव ठेवलं की ती हसायची, आणि सगळ्यांना वाटायचं की तिला काही लागत नाही.

“जाऊबाई,” ती म्हणाली, “मी भाजी चिरली की तुमी ती पुन्हा चिरता. मी अंथरूण घातलं की तुमी सुरकुत्या काढता. माझ्या पोरीची वेणी मी घातली की तुमी तिले अंगणात धरून सोडता न पुन्हा घालता. मी कवा काही म्हनलं का?”

“मी तुह्या भल्यासाठीच...”

“माहीत आहे मले. म्हनूनच कवा बोलली नाही.” तिनं हातातली माशी डब्यात टाकली. “या घरात एकच चीज होती. माझ्या हातची होती न बरोबर होती. तेवढी तरी राहू द्याची होती.”

ती आत गेली. गोपाळरावांनी डबा कौसल्याच्या हातात दिला. मग म्हणाले, “जास्तीचे केस सुईनं उपटून काढता येतात. पंखाचं काही होणार नाही, पण बाकी थोडंफार वाचेल. महिनाअखेरपर्यंत व्यापाऱ्याला मी थांबवून ठेवतो.” आणि ते गेले.

बायजाबाई सगळं ऐकत होत्या. “कौसल्या,” त्या म्हणाल्या, “तुहे हात सोन्याचे आहेत. पण सोनं काही भाकरीले लावता येत नाही.” एवढं बोलून त्यांनी जपमाळ उचलली.

कौसल्या सुई घेऊन बसली. स्वतःच घातलेला एकेक वेढा काढायचा. एक केस धरायचा, ओढायचा, टाकायचा. तिला इतका संताप कधी आला नव्हता, आणि तो कुणावर करायचा ते कळत नव्हतं. व्यापाऱ्यावर करावा तर त्याचं खरं होतं. तारावर करावा तर तिचंही. राहिला तो ट्राउट. तो तिनं जन्मात पाहिला नव्हता आणि पाहणारही नव्हती. कुठल्यातरी थंडगार पाण्यात तो धारेकडे तोंड करून आरामात उभा होता आणि त्याच्यापायी इथे पाचपावलीत तिच्या घरातली एक बाई तिच्याशी बोलत नव्हती.

कारण तारा बोलत नव्हती. ताट वाढायची, पाणी द्यायची, सासूच्या मार्फत निरोप द्यायची. ट्रान्झिस्टर बंद होता. स्वयंपाकघरात कौसल्याला पुष्कळदा हात मागे घ्यावा लागायचा. एकदा तिनं पातेल्याचं झाकण सरळ करायला हात नेला आणि तसाच परत आणला. तारानं ते पाहिलं, पण पाहिलं असं दाखवलं नाही.

होळी झाली, तरी सुईचं काम चालूच होतं. एका दुपारी तारा धुणं वाळत घालून आली आणि टेबलापाशी थांबली. कौसल्यापुढे नीट केलेल्या माशांची ओळ लागली होती. तारानं एक उचलली.

“हे काय करून राहिल्या तुमी?”

“केस काढून राहिली.”

“मोजून?”

कौसल्यानं सुई खाली ठेवली. ती खरंच दोन्हीकडे सारखे राहतील असे काढत होती.

तारानं डोक्याला हात लावला. ती हसली नाही, पण तोंडाचा कोपरा हलला. ती समोर बसली, माशी बोटांत धरली आणि सुई न घेताच नखानं खर्रकन खरवडली. पीस विस्कटलं, एका बाजूला गेलं. “असं,” ती म्हणाली. “आता पुढची द्या.”

दोघी संध्याकाळपर्यंत बसल्या. कौसल्या एकेक पुढे सरकवत होती आणि तारा ती बिघडवत होती. प्रत्येक वेळी कौसल्याला दातांत खडा आल्यासारखं व्हायचं. तिनं डोळे मिटून घेतले नाहीत.

“मी विचारल्याबिगर हात नाही लावणार,” मधेच ती म्हणाली.

“कशाले?”

“कशालेच. वेणीलेही.”

“जमन तुमाले?”

“नाही जमन,” कौसल्या म्हणाली. “पण लावला तर सांगशीन.”

तारानं पुढची माशी मागितली.

त्यातल्या अर्ध्या माशा व्यापाऱ्यानं घेतल्या, उरलेल्या घेतल्या नाहीत. उन्हाळा लागला. गोपाळराव एका सकाळी नवीन नमुने घेऊन आले. ते कौसल्याच्याच समोर बसले.

“ही सुकी माशी,” ते म्हणाले. “ही बुडत नाही. पाण्यावर तरंगते. हिला कोंबड्याचं ताठ पीस लागतं, भरपूर वेढे, चारी बाजूंनी सारखे. हे काम तुमच्याच हाताचं आहे. मी व्यापाऱ्याशी बोललोय. तुमचा एकही नग परत येणार नाही.”

कौसल्यानं तो नमुना घेतला. ताठ, गोल, भरलेला. तो पाहताच तिच्या बोटांना कळलं की हे आपण झोपेतही करू. तिनं तो थोडा वेळ हातात फिरवला आणि परत त्यांच्या तळव्यावर ठेवला.

“दुसऱ्या कोनाले द्या काकाजी.”

गोपाळरावांना वाटलं, आपण नीट सांगितलं नाही. “अहो, यात पैसाही बरा आहे. आणि तुम्हाला एवढा त्रास होतो त्या ओल्या माशीचा...”

“होते ना,” कौसल्या म्हणाली. “पण मले तीच जमली पायजे.”

“काहून पण?” आतून तारानं विचारलं.

“तुले जमते,” कौसल्या म्हणाली. “मले काहून नाही जमत?”

गोपाळराव हसले, नमुने खिशात टाकले आणि चहा पिऊन गेले. कौसल्यानं पकडीत गळ लावला. रेशीम गुंडाळलं, जर फिरवली, पीस बांधलं. एक वेढा. दुसरा. मधे रिकामी जागा राहिली, पीस जरा कलंडलं. तिची बोटं तिथेच घुटमळली.

“सोडा,” तारा चुलीपासून म्हणाली. तिनं मान वळवूनही पाहिलं नव्हतं.

कौसल्यानं तिसरा वेढा दिला, त्याकडे पाहिलं आणि ब्लेड उचललं.